फाटकावरचं पांढरं फडकं

सकाळी दहाला वायरमन बाईंच्या घरी पोचला, तेव्हा त्याच्या एका हातात हत्यारांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. पिशवी बाईंच्या घराची वीज कायमची तोडण्यासाठी आणि डबा त्याच बाईंना जेवू घालण्यासाठी. मन खात असलं की माणूस असाच वागतो. गेले तीन आठवडे, आधी इस्पितळात आणि मग घरी, डबा रोज न चुकता येत होता. "इतकं कुणी सख्ख्या आईचंही करत नाही," असं त्याची बायको एकदा म्हणाली होती. तिनं ते कौतुकानं म्हटलं होतं, आणि तो ताटावरून उठला होता.

दार बाईंच्या मुलानं उघडलं. तो शहरात नोकरीला होता. शाळेत हे दोघं एकाच बाकावर बसायचे, आणि त्या वर्गाला शिकवायला याच बाई होत्या. गावातल्या निम्म्या लोकांचे कान बाईंनी पिळलेले होते, त्यामुळे साठी उलटलेली माणसंही त्यांच्यासमोर हात खिशातून बाहेर काढत.

"ये रे. फ्यूज काढ, मीटरही उतरव. जेवलो की निघतो आम्ही," मुलगा म्हणाला.

"बाईंची तयारी आहे?"

"आता तिला विचारण्यासारखं काय उरलंय? शहरातल्या वृद्धाश्रमात चोवीस तास देखभालीला माणूस असतं. फाटकाला फडकं बांधून घरात झोपणाऱ्या बाईला एकटं ठेवू का मी? तूच सांग."

वायरमननं डबा त्याच्या हातात दिला. तीन आठवडे तो मूग गिळूनच होता, आणखी एक सकाळ गप्प राहिल्यानं काय बिघडणार होतं!

या गावाला तिन्ही बाजूंनी पाइनचं जंगल आणि खाली उतरायला एकच रस्ता. उन्हाळ्यात डोंगर पेटतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून घराभोवती पडलेली पाइनची सुईसारखी वाळकी पानं झाडून काढायची, दाराशी एक पिशवी भरून ठेवायची, भोंगा वाजला की निघायचं आणि निघताना फाटकाला पांढरं फडकं बांधायचं. फडकं म्हणजे घर रिकामं. मागून येणारी बचाव पथकाची जीप फडकं दिसलं की थांबत नाही, थेट पुढच्या घराशी जाते. दार ठोठावण्यात वेळ जात नाही आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा तरी जीव वाचतो. साधी सोपी पद्धत. फक्त एकच अट, फडकं खोटं बोलता कामा नये.

पथकात वरच्या आळीचा प्रमुख वायरमन होता. दर वर्षी सराव व्हायचा आणि जी आळी आधी रिकामी होईल तिला लाकडी ढाल मिळायची. दोन वर्षं ढाल खालच्या आळीनं नेली होती. तिचा प्रमुख बेकरीवाला, तोंडाचा मोठा फटकळ. "तुमची आळी निघेपर्यंत आग कंटाळून परत जाईल," असं तो चारचौघांत म्हणाला होता, आणि ते वायरमनला फार झोंबलं होतं.

यंदाच्या सरावाला दुपारी भोंगा वाजला. बघता बघता सतरा घरांच्या फाटकांना फडकी लागली. अठरावं घर बाईंचं. वायरमननं खिडकीतून पाहिलं, तर बाई आरामखुर्चीत गाढ झोपलेल्या आणि कानातलं यंत्र टेबलावर काढून ठेवलेलं. आत जाऊन उठवायचं म्हणजे दोन मिनिटं, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांना फाटकापर्यंत आणायचं म्हणजे आणखी पाच. हातातलं घड्याळ पळत होतं. झोपू दे बिचारीला, असं तो मनाशी म्हणाला. त्यात दया थोडी आणि ढाल जास्त होती, हे त्याला तेव्हाही कळत होतं. त्यानं खिशातलं हिरव्या काठाचं फडकं काढलं आणि फाटकाच्या खांबाला बाहेरून बांधून टाकलं. संध्याकाळी सोडू म्हणाला.

संध्याकाळी ढाल मिळाली, फोटो निघाले, बेकरीवाल्याचं तोंड एवढंसं झालं. त्या आनंदात फडकं तिथेच राहिलं. बाईंचा पाव आणि दूध बाजूच्या स्वयंपाकघराच्या दारातून यायचं, त्यामुळे बाई फाटकाकडे फिरकतच नसत.

तिसऱ्या दिवशी जंगल खरंच पेटलं. वायरमन खाली वीजकेंद्रात लाइन बंद करायला धावला, ते त्याचं काम होतं. भोंगा वाजला तेव्हा बाई झोपलेल्या होत्या आणि यंत्र टेबलावर होतं. जीप आली, तिनं फडकं पाहिलं आणि ती पुढे गेली. बाईंना जाग आली ती धुरानं. भिंती चाचपत त्या एकट्या रस्त्याला लागल्या, दुसऱ्या वळणावर पडल्या आणि वनरक्षकाला सापडल्या. नऊ दिवस इस्पितळात प्राणवायूवर काढले. अंगण झाडलेलं होतं म्हणून घर वाचलं, मागच्या भिंतीची वायरिंग तेवढी जळाली.

मग गावानं आपापसात ठरवून टाकलं, बाईंनी फडकं बांधलं आणि विसरून आत जाऊन झोपल्या. वय झालं. ज्याला खरं माहीत होतं तो मान डोलवायचा, जळालेली वायरिंग फुकट बदलून द्यायचा आणि डबे आणायचा. लोक म्हणायचे, असा शिष्य मिळायला भाग्य लागतं.

वायरमन आत आला. मीटर स्वयंपाकघराच्या दाराशी होता. घरभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, फळ्यावर लिहावं तशा ठसठशीत अक्षरात. 'गॅस बंद केला.' 'गोळी घेतली, सकाळची.' 'यंत्र कानात आहे.' स्वयंपाकघराच्या दारावरही एक होती, पण तो ती न वाचताच स्टुलावर चढला आणि त्यानं फ्यूज ओढला. फ्रिजची घरघर थांबली. बाई खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर घडी केलेलं हिरव्या काठाचं फडकं होतं.

"अरे, हे फडकं नीट बघ बरं. हे माझ्या घरातलं वाटतं का तुला?" त्यांनी विचारलं.

वायरमननं स्टुलावरूनच विचारलं, "कुठून मिळालं?"

"जीपवाल्यानं आणून दिलं. मुलगा म्हणतो, तुझंच आहे, विसरलीस. असेल." त्या फडक्यावरून हात फिरवत राहिल्या. "घर सुटतंय याचं मला फार वाटत नाही. वाटतं ते वेगळंच. मी फडकं बांधलं नाही, हे मला स्वच्छ आठवतं. तिळभरही शंका नाही. आणि ते खोटं निघालं. मग बाकीचं जे मला असंच स्वच्छ आठवतं, त्याचं काय रे?"

"बाकीचं म्हणजे?"

"हे गेले त्या दिवशी माझा हात धरून म्हणाले होते, तुझ्याबरोबर मजेत गेलं सगळं. वीस वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली. परवापासून वाटतंय, तेही मीच मनानं रचलं असेल."

वायरमन स्टुलावरून उतरला. त्याला कुठे बघावं कळेना. जीवघेणी चूक केली हे तो रोज स्वतःला सांगत होता, पण ती बाईंच्या नवऱ्यापर्यंत जाऊन पोचली असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली.

"बाई, ते फडकं माझं आहे."

बाईंनी कानातलं यंत्र चाचपलं. "काय म्हणालास?"

"सरावाच्या दिवशी मी बांधलं. तुम्ही झोपला होतात. ढालीसाठी. आणि सोडायला विसरलो. तुम्ही काहीच विसरला नाहीत, बाई. विसरलो मी. आणि नंतर बोललो नाही."

बाई रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. त्यांनी मुलाला हाक मारली, आणि तो आल्यावर वायरमनला म्हणाल्या, "नीट उभा राहा. आता पुन्हा सांग. मोठ्यानं."

त्यानं सांगितलं. मुलाचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. "तीन आठवडे? माझी आई रोज स्वतःला वेडी समजत होती आणि तू इथे डबे घेऊन येत होतास?" तो अंगावर धावून आला, पण बाईंनी काठी आडवी धरली.

"सामान उतरव गाडीतून," त्या मुलाला म्हणाल्या.

"आई, तरीही तू एकटी..."

"माझ्या गुडघ्यांबद्दल बोलायचं असेल तर बोलू, खुशाल बोलू. डोक्याबद्दल नाही." मग वायरमनकडे वळून, "फ्यूज लाव. आणि उद्या पथकाच्या बैठकीत हेच असंच उभं राहून सांगायचं. बेकरीवाल्यासमोर. ढाल त्याच्या हातात दे."

"हो, बाई."

"माफी मागू नकोस. मला आत्ता ती द्यायची नाही."

वायरमननं फ्यूज लावला. फ्रिज पुन्हा घरघरू लागला. बाई उठल्या आणि काठी टेकत टेकत एकेक चिठ्ठी काढू लागल्या. गॅसची काढली, गोळीची काढली, यंत्राची काढली. त्यानं हत्यारं पिशवीत भरली. तो स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडायला निघाला, तर बाई त्याच्या वाटेतच उभ्या होत्या, तिथल्या शेवटच्या चिठ्ठीसमोर. आता मात्र ती त्याला वाचावीच लागली.

'वायरमन आला की त्याचे आभार मानायला विसरू नकोस.'

बाईंनी तीही काढली, हातातल्या बाकीच्या चिठ्ठ्यांवर ठेवली आणि त्याला जायला वाट करून दिली.