बंधाऱ्यावरचा डबा क्रमांक एक

शेवटी डबा सापडला. धड, कोरडा, झाकणासकट.

हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजू. डबा सापडलेला नाही. रविवारची उतरती दुपार आहे, आणि बडोद्याजवळ, डभोईच्या पलीकडे, कालव्याच्या संस्थानकालीन बंधाऱ्यावर, अनय भिंतीतल्या एका खबदाडात खांद्यापर्यंत हात घालून पालथा पडला आहे.

"काही लागलं का हाताला?" त्याच्या मोठ्या बहिणीनं, प्राचीनं, स्कूटरवर बसूनच विचारलं.

"ओलं काहीतरी."

"मग ते सोड."

जगभरात काही माणसं असे डबे लपवतात. जागेचे अक्षांश-रेखांश अॅपवर टाकतात. मग दुसरी माणसं उन्हातान्हात येऊन डबा शोधतात, आतल्या वहीत सही करतात, डबा होता तसा परत लपवतात आणि घरी जातात. बस. याला जिओकॅशिंग म्हणतात, आणि आईला हे समजावण्याचा नाद अनयनं कधीच सोडून दिला होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःचा डबा इथे लपवला. सात जणांनी तो शोधला, त्यात एक जर्मन जोडपं. अख्ख्या बडोद्यात अनयच्या नावावर असलेली ही एकमेव गोष्ट होती. स्कूटरसुद्धा ताईच्या नावावर होती.

आणि आता अॅपवरच्या कुठल्याशा परदेशी स्वयंसेवकानं कळवलं होतं: लागोपाठ तिघांना डबा मिळालेला नाही. आज संध्याकाळी सहापर्यंत डबा जागेवर असल्याचा फोटो टाका, नाहीतर नोंद कायमची बंद.

"काय शोधताय?" मागून आवाज आला, तोही शुद्ध मराठीत.

पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत छत्री, पंचाहत्तरीचे एक गृहस्थ. कालव्याच्या चौकीची किल्ली कॉलरबाहेर आलेल्या जानव्याला बांधलेली.

"डबा," अनय म्हणाला.

"हिरवा? वर 'अधिकृत. हलवू नये' अशी चिठ्ठी लावलेला?"

"हो!" अनय ताडकन उठला. ती चिठ्ठी त्यानंच लावली होती, कुणी बाँब समजून पोलिसांना बोलावू नये म्हणून.

"सुरक्षित आहे. मी हलवला."

ते दत्ताजीराव. कालवा निरीक्षक, सतरा वर्षांपूर्वी निवृत्त. पण चार्ज घ्यायला कुणी आलंच नाही, आणि चार्ज दिल्याशिवाय नोकरी सोडायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. तेव्हापासून दर रविवारी रावपुऱ्यातून निघून, डभोईची बस धरून, ते पाण्याची पातळी बघायला येत. पातळी लिहून ठेवत. ती कुणी मागत नसे.

चौकीतलं जाळीचं कपाट त्यांनी उघडलं. डबा आत होता. त्यावर पांढऱ्या रंगानं 'क्र. १' लिहिलं होतं. सोबत सामानाची यादी होती: 'बेडूक, प्लास्टिकचा, हिरवा, एक. स्थिती समाधानकारक.'

अनयनं वही उघडली. प्रत्येक नोंदीखाली लाल शाईचा शेरा होता. 'रानमांजर ७७' या सहीखाली: 'पूर्ण नाव लिहावे.' जर्मन जोडप्याच्या आभारांखाली: 'आभार कशाबद्दल, ते नमूद नाही.'

"आजोबा, हा माझा डबा आहे. तो लपवायचा असतो."

"बंधाऱ्यावर सापडलेली वस्तू खात्याची. आणि खात्याची वस्तू लपवत नाहीत. लपतो तो कर्मचारी." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही कोणाचे?"

हा प्रश्न बडोद्यात टळत नाही. अनयनं निजामपुरा सांगितलं, आडनाव सांगितलं, मग आईचं नाव सांगितलं.

"निरुपमाचा मुलगा? अरे, तुझ्या आजीकडून मी राखी बांधून घ्यायचो!"

प्राचीनं सुटकेचा श्वास टाकला. "बस, झालं काम. पाया पड, अनय."

अनय पाया पडला. दत्ताजीरावांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि कपाटाला कुलूप लावलं.

"नात्यातला निघालास, आता तर मुळीच देता येणार नाही. वशिला होईल तो. परका असतास तर विचार केला असता."

"पाचच मिनिटांपूर्वी मी परकाच होतो!"

"तेव्हा तू मागितला नाहीस. तेव्हा तू समजावत होतास."

अनयनं जाळीतून डब्याचा फोटो काढून पाठवला. अॅपवरून लगेच उत्तर आलं: डबा जागेपासून चाळीस मीटर दूर दिसतो, शिवाय कुलपात आहे, शोधणाऱ्याला उघडता आला पाहिजे. अनयनं फोन कालव्यात टाकायचा विचार केला, पण तोही उद्या यादीत आला असता.

बाहेर आल्यावर प्राची हळूच, अस्सल बडोदेकरी मराठीत म्हणाली, "बावळट, दुसरा डबा ठेव ने."

तिच्या पिशवीत जेवणाचा डबा होता. दोघांनी त्यात सह्यांसाठी एक कोरा कागद घातला, डबा खबदाडात सारला, फोटो काढला. फोटो अपलोड होऊ लागला. बंधाऱ्यावर रेंज म्हणजे एक काडी, तीही मूड असेल तर. बासष्ट टक्के झाले, सत्तर झाले, आणि मग पाणी बघायला गेलेले दत्ताजीराव हातात डबा घेऊन येताना दिसले.

"आणखी एक सापडला!" सतरा वर्षांत ते इतके खूश कधी झाले नसतील. "हा क्रमांक दोन. आत थालीपीठ आहे. 'नाशवंत' म्हणून लिहावं लागेल."

"आजोबा, खाऊन टाका ते," प्राची म्हणाली.

"खात्याचं?" त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं मान खाली घातली.

फोटो पोचला. त्याखाली स्वयंसेवकानं विचारलं, 'हा डबा आत्ता या क्षणी तिथेच आहे ना?' आणि अनय, ज्यानं आयुष्यभर परीक्षेतसुद्धा धड कॉपी केली नव्हती, त्याला 'हो' टाइप करवेना.

साडेपाच वाजले.

"आजोबा, मग याला मार्ग काय?"

"अर्ज," दत्ताजीराव प्रसन्नपणे म्हणाले आणि आखीव कागद पुढे केला. "उपअभियंत्यांच्या नावे. आवक शिक्का मी आत्ता मारतो."

"उपअभियंता कोण आहेत?"

"पद रिक्त आहे. पण अर्ज रिक्त पदाच्या नावेही चालतो, ती अडचण नाही."

प्राचीनं स्कूटर सुरू केली, मग बंद केली. अनय चौकीच्या पायरीवर बसला, गुडघ्यावर कागद ठेवला आणि इतक्या जोरात लिहू लागला की दोनदा पेन आरपार गेलं:

'विषय: डबा क्र. १ मूळ जागी ठेवण्याबाबत.

महोदय, सदर डबा बंधाऱ्याच्या भिंतीत, कोणासही सहज दिसणार नाही अशा रीतीने पूर्ववत लपवण्यास आज सायंकाळी सहाच्या आत परवानगी मिळावी, त्यानंतर डबा तेथे असल्याची कार्यालयाने कोठेही नोंद घेऊ नये, आणि मा. निरीक्षक यांना तो पुन्हा आढळल्यास, तो आढळला नाही असे समजण्याचे लेखी आदेश त्यांना द्यावेत, ही नम्र विनंती.'