पत्रूने पुरलेली गाठ

रुग्णाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून आपलंच अक्षर बाहेर येईल, असं डॉ. सरिता दुर्गेच्या स्वप्नातही नव्हतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या शाळेत कॅन्सर तपासणीचं शिबिर होतं. ती नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात कॅन्सर सर्जरीची फेलोशिप करत होती. म्हणजे सर्जन होऊन झाल्यावर आणखी दोन वर्षं फक्त कॅन्सरची ऑपरेशनं शिकायची. त्यातलं दीड वर्ष सरलं होतं. फेलोंना महिन्यातून एकदा विभागप्रमुखांबरोबर शिबिराला जावं लागे, आणि आज शिबिर तिच्याच मुलखात आलं होतं.

समोर सीताबाई बसली होती. चाळिशीची, जवळच्या खेड्यातली, धान लावणाऱ्या घरची. तिने पदर बाजूला केला. डाव्या छातीवर जुना आडवा व्रण होता आणि त्या व्रणातूनच घट्ट गाठ वर आली होती. काखेतही दोन हाताला लागत होत्या.

विभागप्रमुख डॉ. कोतपल्लीवारांनी एक नजर टाकली. "बाहेरचा सर्जन," ते पुटपुटले.

हे विभागातलं ठरलेलं बोलणं. दर सोमवारच्या मीटिंगमध्ये बाहेर बिघडून आलेली केस पडद्यावर यायची, ऑपरेशन करणाऱ्याच्या नावावर पट्टी लावलेली असायची. नाव घ्यायचं नाही, एवढी सभ्यता पाळायची. मग नाव नाही म्हटल्यावर हसायला सगळे मोकळे. सरिताही हसायची. कुठल्या अडाण्याने हात घातला, असं मागच्याच महिन्यात ती सगळ्यांदेखत म्हणाली होती.

तिने पिशवीतलं कार्ड उघडलं. अडीच वर्षांपूर्वीची तारीख, आणि खाली सही तिचीच.

तेव्हा ती एका तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात नोकरीला होती. लिंबाएवढी गाठ होती. नुसता हात लावून तिने ती साधी गाठ आहे असं ठरवलं, सुई घालून तपासण्याचेही कष्ट घेतले नाहीत. काढलेली गाठ ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवायची, ही तिकडची रीत. दाखवल्याशिवाय ऑपरेशन झालं असं कुणाला वाटतच नाही. सीताबाईच्या नवऱ्याने, पत्रूने, ती पाहिली आणि मागून घेतली. बायकोच्या अंगाचा तुकडा कचऱ्यात जाऊन कुत्र्याच्या तोंडी लागू द्यायचा नव्हता त्याला. शेताच्या बांधावर पुरीन म्हणाला. प्रयोगशाळेत पाठवायची गाठ सरिताने बरणीत घालून त्याच्या हातात ठेवली. वर स्वतःवर खूशही झाली, की आपण इथल्याच, आपल्याला माणसांचं मन कळतं. मन कळत होतं, गाठ कळत नव्हती, आणि पगार मात्र तिला गाठ कापण्याचाच मिळत होता.

तिचं डोकं सणकलं. स्वतःचा राग येत होताच, पण तो सोसवेना, म्हणून ती सीताबाईच्या मागे उभ्या असलेल्या पत्रूवर घसरली.

"गाठ परत कधी आली?"

"वरीस झालं असन, म्याडम."

"वरीसभर काऊन थांबले? कुठी दाखवलं नाई?"

पत्रू ओशाळला. "दाखवलं ना. तिथल्या डॉक्टरनं चंद्रपूरले जा म्हटलं. पन ही आयकते का? म्हने, आपल्या सरिताबाई मोठं शिकाले गेल्या, त्या आल्या का त्यायलेच दाखवू. त्यायनंच काढली होती, त्यायलेच समजन. आज तुमी आल्या आयकलं, तं आलो."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सरिताला वाटलं.

कोतपल्लीवारांनी कार्ड पाहिलं आणि तिला व्हरांड्यात नेलं. "हे बॅगेत टाक. तिला यातलं काय कळणार आहे? आधी सुईची तपासणी, मग केमो, मग ऑपरेशन. ऑपरेशन तू कर. मुख्य सर्जन म्हणून मोठी केस द्या, असं सहा महिने माझ्या मागे लागली आहेस ना?"

लागली होतीच. तिच्या जिभेवर होकार आलाही, आणि त्याचीच तिला किळस आली.

"सर, सोमवारी हे कार्ड पडद्यावर दाखवा. पट्टी न लावता."

"वेडी आहेस का? उद्या नोकरी कोण देईल तुला?"

"ते मला माहीत नाही. पण नाव झाकलं म्हणूनच आपण इतके हसतो, सर. मीच होते तो अडाणी."

ती आत गेली आणि स्टुलावर बसून तिने दोघांना सगळं सांगितलं. ती गाठ साधी नव्हती, हा कॅन्सर आहे असं दिसतं. तेव्हा तपासली असती तर लहान ऑपरेशनात भागलं असतं कदाचित. आता डावी छाती पूर्ण काढावी लागेल, काखेतल्या गाठीही.

पत्रूचा चेहरा उतरला. "मंग मीनं पुरली, थेच तपासाची होती?"

"हो. तुमी मांगली, त्यात तुमचं काई चुकलं नाई. मी देली, थे चुकलं."

सीताबाई पोलक्याची बटणं लावत होती. शेवटचं लागेना, म्हणून बराच वेळ तिथेच अडून राहिली. रडली नाही. वर पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत असा राग होता, की सरिताने नजर खाली घातली.

"गावात मीनं तुमचं नाव करून ठेवलं," ती म्हणाली. "पोरीले सांगो, अशी डॉक्टर हो."

"सीताबाई, मले..."

"माफी नोका मांगू. मले नाई जमत आता." तिने पदर नीट केला. "आपरेशन थो मोठा डॉक्टर करन. तुमी हात नोका लावू. पन बाजूले उभे राहाजा. माझ्या अंगावर अर्ध्या शिकल्या, आता माझ्याच अंगावर पुऱ्या शिका."

सरिताने केसपेपर पुढे ओढला आणि मुख्य सर्जनच्या रकान्यात डॉ. कोतपल्लीवारांचं नाव लिहिलं.