वाकडी कॉलर

साहेब सभेत भाषणाला उठण्याआधी त्यांचा सेक्रेटरी त्यांची कॉलर मुद्दाम वाकडी करून ठेवायचा. मग त्यांच्या बायकोने ती सगळ्यांदेखत हसत सरळ करायची आणि फोटोवाल्यांनी फोटो काढायचे. या नाटकाने तिच्या मस्तकात तिडीक जायची, पण वर्षानुवर्षं तिने ते बिनबोभाट निभावलं.

यंदा साहेब निवडणुकीत सपाटून आपटले. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीही फिरकला नाही. फिरायला निघताना साहेबांनी आरशासमोर आपल्याच हाताने कॉलर वाकडी केली आणि भाजी चिरणाऱ्या बायकोपुढे येऊन उभे राहिले.

"आता इथे कोण बघतंय?" ती फणकारली.

"कोणीच नाही," म्हणत त्यांनी मान खाली घातली.

तिने हात पुसले. एवढ्या वर्षांत कधी न चुकलेली ती कॉलर आज काही केल्या सरळ होईना.