डावा दरवाजा

अर्जियाबाईंच्या गवताच्या कोठारात ती गाडी इतकी वर्षं पडून होती, की कोंबड्यांना ती आपल्यासाठीच बांधली आहे असं वाटत असावं. चालकाच्या जागेवर एक करडी कोंबडी अंडी उबवत बसली होती. निवेस वाकून आत डोकावली, तेव्हा कोंबडीने तिच्याकडे घरमालकिणीच्या तोऱ्यात बघितलं.

"ती उठायची नाही," अर्जियाबाई म्हणाल्या. "तिला वळसा घालून काय बघायचं ते बघ."

निवेस इटलीतल्या मोदेनाजवळच्या एका गावात मोटारींच्या गाद्या शिवायची. लोकांच्या देखण्या गाड्या तिच्या दारात येत आणि नवं चामडं लेवून निघून जात. तिची स्वतःची म्हणाल तर सामान वाहायची एक खटारा गाडी होती, आणि तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण ही पनारो वेगळी होती. पनारो नदीचं नाव लावलेला तो छोटा कारखाना केव्हाच बंद पडला होता. त्याच्या मोजक्या गाड्यांपैकी ही एक, लाल, बारा सिलिंडरची. हिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर निवेसच्या बापाची, लेआर्कोची, हातोडी चालली होती. बाप गेला तेव्हा घरात त्याची हातोडी तेवढी राहिली. हातून झालेलं सगळं काम परमुलखात, श्रीमंतांच्या दारी.

निवेसचा नवरा ओरियानो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि हात कमरेवर ठेवले.

"इंजिन जाम. बुडाला गंज. वायरी उंदरांनी खाल्ल्यात. याला गाडी म्हणायचं असेल, तर मला कार्डिनल म्हण."

"इंजिन उघडता येईल का नाही, तेवढं सांग ना, कार्डिनलसाहेब."

"उघडता काय, सगळंच येतं गं. पण डावा दरवाजा कुठाय?"

"आमच्या ह्यांनी काढला," अर्जियाबाई म्हणाल्या. "कोंबड्यांना आतबाहेर करायला सोयीचं व्हावं म्हणून. मग भंगारवाल्याला दिला. आता गेलेल्या माणसाला काय बोलायचं?"

झ्युरिकच्या एका गिऱ्हाइकाचा ट्रक सोमवारी यायचा होता. गिऱ्हाईक स्वतः आधी येऊन गाडी मोजून गेलं होतं. यंत्रावर दोन्ही बाजू अगदी सारख्या करून घेऊ, असंही म्हणालं होतं. पण लेआर्कोची पोर म्हणून अर्जियाबाईंनी गाडी घ्यायची का ते ठरवायला निवेसला रविवारच्या प्रार्थनेपर्यंत मुदत दिली होती.

दरवाजाचं निवेसला फारसं काही वाटलं नाही. तिने धंद्याच्या सवयीप्रमाणे जाड कागद काढला, उजव्या दरवाजावर पसरून नमुना कापला आणि पालथा करून डावीकडच्या भोकाला लावला. गादीचा नमुना असाच उलटवतात. कागद खाली नीट बसला आणि वर बोटभर बाहेर आला. तिने सरकवला, दाबला, पुन्हा सरकवला. बोटभर तो बोटभरच.

मग तिला आठवलं आणि ती मटकन गवताच्या पेंढीवर बसली.

गाडीची उजवी बाजू बापाची होती. डावी एर्मेसची. त्या कारखान्यात पत्रा ठोकणारे हे दोघे, एकेका बाजूला एकेक, साचा म्हणून समोर नुसता लाकडाचा सांगाडा आणि बाकी सगळा नजरेचा अंदाज. सगळ्याच गाड्यांत थोडंफार उन्नीसबीस व्हायचं. हिच्यात मात्र बोटभर फरक पडला. लेआर्को म्हणाला, डावी बाजू बसकी झाली. एर्मेस म्हणाला, उजवी फुगली. मालक हसला, त्याने गाडी तशीच रंगवून विकली. दोघांनी मात्र एकमेकांशी बोलणं टाकलं ते कायमचं. गंमत म्हणजे गावच्या बारमध्ये ब्रिस्कोला या पत्त्यांच्या खेळात दोघे जोडीदार. जोडी मोडली असती तर शेजारचं गाव जिंकलं असतं, आणि तेवढे मूर्ख ते नव्हते. ब्रिस्कोलात जोडीदाराला तोंडाने खूण करायची मुभा असते. ओठांचा चंबू म्हणजे हातात एक्का, तोंड वाकडं म्हणजे तिर्री, डोळे वर म्हणजे राजा. तेवढ्यावर त्यांनी उभं आयुष्य काढलं आणि गावोगावचे चषक जिंकून आणले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. बापाच्या अंत्ययात्रेलाही एर्मेस आला, टोपी काढून उभा राहिला आणि अक्षर न बोलता गेला.

"दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ," ओरियानो म्हणाला.

"दुसरा बोटभर कुठून तरी छाटणार. एक तर बाबांचं, नाही तर त्यांचं. मग त्या झ्युरिकवाल्याने काय पाप केलंय?" निवेस उठली. "मला ही गाडी हवीये, आणि अशीच हवीये. मी एर्मेसकाकांकडे चालले."

"तो म्हातारा तुझ्याशी बोलायचा नाही."

"मला कुठे गप्पा मारायच्यात?"

एर्मेस स्वयंपाकघरात टेबलाशी एकटाच पत्ते लावत बसला होता. त्याची सून वान्ना पलीकडे सारण भरून पिठाच्या तोर्तेल्लिनी वळत होती. निवेसने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गाडी, दरवाजा, सोमवारचा ट्रक. एर्मेसने मान वर केली नाही.

"त्यांनी शपथ घेतलीये," वान्ना ओशाळून म्हणाली. "लेआर्कोच्या घरच्यांशी बोलायचं नाही म्हणून. तुला काही पाव-चीज देऊ का?"

"नको गं. काका, मी अबोला मोडायला आले नाही. तुम्ही जन्मभर नका बोलू. मला दरवाजा हवाय. तुम्ही नाही केला तर दुसरा कुणी करूच शकत नाही, आणि मग मी गाडी घेणार नाही. रविवारी प्रार्थनेनंतर कोठारात असेन."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. लहानपणी बापाच्या खुर्चीमागे उभी राहून ती या खुणा शिकली होती. चंबू नाही, वाकडं तोंड नाही, डोळेही वर गेले नाहीत. खूण नाही, म्हणजे हातात काही नाही. ती घरी आली आणि रात्री रडली. सकाळी मात्र तिने बाहेरच्या पडवीत गाडीपुरती जागा मोकळी केली. ओरियानोने विचारलं, कशासाठी? ती म्हणाली, "झाडायला काय जातंय?" त्याने मुकाट्याने दुसरा झाडू घेतला.

रविवारी धुकं होतं. प्रार्थना संपली, लोक जेवायला घरी पांगले. अर्जियाबाई दोनदा घड्याळाकडे बघून खाकरल्या. "पोरी, माझं सूप गार होतंय. काय ते सांग."

तेवढ्यात धुक्यातून सायकल करकरत आली. एर्मेसने ती भिंतीला टेकवली आणि कुणाकडे न बघता तो गाडीच्या डावीकडे गेला. वाकून त्याने चाकावरच्या पत्र्याच्या आतून हात फिरवला. आपलेच जुने ठोके चाचपत तो बराच वेळ उभा होता. मग तो उजवीकडे गेला आणि तिथेही हात आत घातला. तिथे तो आणखी वेळ थांबला. निवेसला वाटलं, आता हा म्हणणार, आधी ही फुगलेली बाजू बसव, मग दरवाजाचं बोल. आणि तसं म्हणाला तर तिला नाही म्हणावं लागणार होतं.

एर्मेसने हात बाहेर काढला, रुमालाने पुसला आणि सरळ तिच्याकडे बघितलं.

"दरवाजा मी करीन," तो म्हणाला. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. "पण उजवीला कुणी हात लावायचा नाही. आहे तश्शी राहील. ती त्याची आहे."

ओरियानो आ वासून बघत राहिला. अर्जियाबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. निवेसला खूप काही बोलायचं होतं. पण तिने, लेआर्कोच्या पोरीने, एर्मेसकडे बघून ओठांचा चंबू केला.