डब्यातली पुष्पाबाई

घरातलं माणूस गेलं की वर्ष होईपर्यंत टीव्ही लावायचा नाही, असा तुळशीरामच्या घरचा दंडक. टीव्हीनं कुणाचं काय घोडं मारलं होतं देव जाणे! पण बायको पुष्पाबाई गेली त्या दिवशी त्यानं टीव्हीवर तिचं जुनं लुगडं टाकलं, ते वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवसापर्यंत कुणाला उचलू दिलं नाही. टीव्हीखालचा डिशचा डबा मात्र त्यानं चालूच ठेवला होता. त्या डब्यात कार्यक्रम भरून ठेवायची सोय होती, आणि भरून ठेवलेल्यात पुष्पाबाई होती.

झालं होतं असं, की काही वर्षांपूर्वी एक शेतीचं चॅनेल धाड भागातल्या मिरचीवर कार्यक्रम करायला आलं आणि त्यांनी तुळशीरामच्या वावरात कॅमेरा लावला. बोलायचं तुळशीरामनं ठरलं होतं. इस्तरीचा सदरा घालून गडी सकाळपासून तयार. पण कॅमेरा समोर आला आणि त्याची बोबडी वळली. मग पुष्पाबाईनंच डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सुरू झाली. रोप कधी टाकायचं, चुरडा-मुरडा आला तर काय फवारायचं, सगळं घडाघडा. मध्येच तुळशीरामला कंठ फुटला, तशी ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही चूप बसा ना जरा, मले बोलू द्या." बायकोनं आपल्याला चारचौघांत नव्हे, चक्क टीव्हीवर झापलं याचा तुळशीरामला कोण आनंद! पाहुणा आला की चहाच्या आधी तो हे लावायचा आणि त्या वाक्याला मांडीवर थाप मारून हसायचा.

तिचा आवाज म्हणून जगात एवढंच उरलं होतं. पुष्पाबाईचा फोन बटणांचा. कुणी मोबाइल समोर धरला की ती तोंडाला पदर लावून आत पळायची. चॅनेलही पुढं बंद पडलं. लेकीनं इंटरनेट पालथं घातलं, पण तो कार्यक्रम काही सापडला नाही.

लेक एकच, योगिनी. मलकापूरला दिलेली, तिथंच एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसायची. आईचं बोलणं डब्यातून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं आणि वर्षश्राद्धाला जमलेल्या सगळ्या गोताला ऐकवायचं, असं बापलेकीचं ठरलं होतं. योगिनी मागेच म्हणाली होती, आत्ताच उतरवून घेऊ. पण लुगडं काढायला बाप तयार नव्हता. "वरीस होऊ दे," एवढंच म्हणायचा.

तिनं सगळी चौकशी करून ठेवली होती. डब्यातली डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर काही दिसत नाही, कंपनीचं कुलूप असतं. डबा घरीच चालवायचा आणि चालता चालता वायरीनं लॅपटॉपमध्ये भरून घ्यायचं. एका भांड्यातलं दूध धार धरून दुसऱ्यात ओततात तसं. त्यासाठीची वायर आणि एक बोटभर यंत्र तिनं मागवून घेतलं होतं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दुपारी तुळशीरामनं स्वतःच्या हातानं लुगडं काढलं, घडी केली आणि मांडीवर घेऊन लेकीजवळ बसला.

"आवाज साफ येईन ना वं?"

"येईन, बाबा."

"ते 'चूप बसा' म्हनते, ते कटू देऊ नको."

"नाही कटत. बसा तुम्ही."

तिनं वायर जोडली, टीव्ही लावला आणि रिमोटनं डब्यात काय काय भरलंय ते उघडलं. आईची आवडती मालिका दिसली. त्याखाली तीच. त्याखाली तीच. ती खाली खाली जात राहिली. शेवटपर्यंत मालिकाच होती.

योगिनीला कळायला वेळ लागला नाही. मालिकेची वेळ म्हशीच्या धारेची, म्हणून आईनं ती रोज आपोआप भरली जाईल असं लावून ठेवलं होतं. पाहून झालेला भाग आई दुसऱ्या दिवशी पुसून टाकायची, म्हणून डबा कधी भरला नाही. आई गेली. पडद्यावर लुगडं पडलं. पुसायला कुणी उरलं नाही, आणि मालिका मात्र रोज येऊन पडत राहिली. जागा संपल्यावर डब्यानं सगळ्यात जुनं होतं ते काढून टाकलं. सगळ्यात जुनी आईच होती.

"सापडलं का?" तुळशीराम म्हणाला. "न सापडाले काय झालं! मी एक खेप रिचार्ज चुकू देला नाही. दुकानदार म्हने, रिचार्ज संपला तं आतलं काही दिसत नाही. तापानं फणफणत पडलो होतो, तरी त्याले फोन लावला. म्हनलं, तुही माय गेली नाही पाहिजे."

योगिनीनं मान वर केली नाही. रिचार्ज एकदा जरी संपू दिला असता, तरी मालिका भरायची थांबली असती. आई त्या डब्यात सुखरूप राहिली असती. बापानं वर्षभर जिवापाड जपून तिला पुसलं होतं. हे त्याला कळलं तर हा माणूस उद्याचा दिवस कसा काढेल?

"डबा बिघडला वाटते, बाबा," ती म्हणाली.

"बिघडला?" तुळशीराम लगेच उठला, पायात चपला सरकवू लागला. "थांब, धाडहून त्या दुकानदारालेच घेऊन येतो. तो सांगन काय झालं ते."

तो सांगणारच होता. दोन वाक्यांत सांगितलं असतं, तेही हसत हसत.

"बाबा, थांबा. डबा नाही बिघडला." तिनं रिमोट खाली ठेवला. "माह्या हातून पुसल्या गेलं. वायर जोडताना भलतंच बटन दाबल्या गेलं."

तुळशीराम दारातच उभा राहिला. "परत येत नाही का?"

"नाही."

"थोडंसं बी?"

तिनं मान हलवली. त्यानं घडी घातलेलं लुगडं उचललं, छातीशी धरलं आणि तिच्याकडे न पाहता म्हणाला, "तू नसती आली तं बरं झालं असतं."

"हाव, बाबा," योगिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळं गोत जमलं. अंगणात वरण-बट्टीच्या पंगती बसल्या. येईल त्याला तुळशीराम सांगत होता, पोरीनं मायचा आवाज पुसला, एवढं शिकवून काय उपेग झाला. सांगताना त्याचा आवाज चढत होता. वर्षभर जो माणूस कुणाशी धड बोलला नव्हता, तो आज बोलत होता. योगिनी वरणाची बादली घेऊन पानापानावरून फिरत होती आणि सगळं ऐकत होती. आत्यानं तिला एकीकडे ओढून विचारलं, "काऊन वं केलं असं? जरा पाहून करा लागत होतं ना!"

"चुकलं माह्यं, आत्या."

खरं सांगायला ओठ शिवशिवत होते. आईचा आवाज तिचाही गेला होता, पण रडायचा हक्क तिला कुणी ठेवला नव्हता. जिनं पुसलं, तिनं काय म्हणून रडायचं?

शेवटच्या पंगतीत तुळशीराम बसला. योगिनी त्याच्यासमोर वाकली, तसा त्यानं पत्रावळीवर आडवा हात धरला. शेजारचे जेवायचे थांबले. ती क्षणभर तशीच वाकून राहिली, मग सरळ झाली आणि बादली आत्याच्या हातात दिली. कालपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"तू वाढ त्याईले," ती हळूच म्हणाली. "तुह्या हातचं खातीन."

आत्यानं वाढलं. तुळशीरामनं बट्टी कुस्करली आणि तो जेवू लागला. योगिनी दाराआड उभी राहून, त्याचं पान रिकामं होईपर्यंत पाहत राहिली.