नासीरची परीक्षा नासीरने घेतली

जळगावला हितेंद्रच्या दुकानात नासीर चौतीस वर्षं गाद्या भरत होता. आता कायदा आला, की प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं. कायद्याचं म्हणणं एवढंच. पण हितेंद्रने धुळ्याच्या एका एजंटाकडून छापील नमुना आणला आणि तिथेच घोडं अडलं. नमुन्यात पत्राआधी उमेदवाराची चाचणी होती. ज्याच्या कापसाच्या ढिगात हितेंद्र लहानपणी लोळला, तोच आता उमेदवार. पण छापील कागद दिसला की हितेंद्रची अक्कल गहाण पडायची.

नासीर मनातून हादरला. नापास झालो तर साठीच्या माणसाला कोण दारात उभं करणार? बायकोने, कनीजने, त्याला ईदचा सदरा घालून पाठवलं.

त्याने दुपारपर्यंत गादी भरली, शिवली. मग कळलं, की नमुन्याच्या तळाशी काम जाणणाऱ्या परीक्षकाची सही हवी. हितेंद्रला विकता येई, त्याच्या बायकोला, भाविकाला, बिलं करता येत. काम जाणणारा दुकानात एकच. एजंट फोनवर म्हणाला, कोणाचीही चालेल, रकाना रिकामा नको. हितेंद्रने सुटकेचा निःश्वास टाकून पेन नासीरच्याच हातात दिलं.

नासीर उठला, गादीच्या पलीकडे जाऊन परीक्षक म्हणून बसला. कडेवरून हात फिरवला. एका कोपऱ्यात शिवण सरकली होती. दोन वर्षं नजर दगा देत होती, हे त्याने कनीजलाही सांगितलं नव्हतं. असली गादी त्याने हाताखालच्या कितीतरी जणांना उसवायला लावली होती. त्याने रकान्यात लिहिलं: नापास.

"चाचा, अहो वर नाव तुमचंच आहे," हितेंद्र म्हणाला.

"नाव कोनं बी राहो. टाका वाकडा शे, भाऊ."

हितेंद्र आधी नमुन्यावर चिडला, मग नासीरवर. शेवटी मागच्या पानावर वाट सापडली: नापास उमेदवाराला जाणत्या कारागिराच्या हाताखाली सहा महिने शिकाऊ ठेवता येईल. संध्याकाळी पत्र निघालं. शिकाऊ कामगार, नासीर. शिकवणारा कारागीर, नासीर. चौतीस वर्षांत त्याच्या नावाचा हा पहिला कागद. त्याने तो दोनदा वाचला आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने आधी तो कोपरा उसवला. मग सुई-दोरा घेऊन भाविकाच्या टेबलापाशी गेला. नजरेचं आजवर त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. उस्तादाने कसं सांगायचं?

"बेटा, एवढा दोरा ओवून दे," तो म्हणाला. "मी शिकाऊ आहे."