मागच्या मोटरच्या तारा

हुंकाररावांचं खरं नाव कारखान्यात कुणी घेत नसे. समोर सगळे त्यांना 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'हुंकारराव'. कुणाचंही काम दाखवा, ते मान तिरकी करत, नाकातून एक 'हुं' काढत आणि मगच बोलत. खरं तर पुढे बोलायची गरजच उरलेली नसे. त्या एका 'हुं'मध्ये समोरच्याचं शिक्षण, त्याचा गुरू आणि आईबापांनी त्याला वाढवताना उपसलेले कष्ट, सगळं पाण्यात जाई.

विजेची मोठाली पॅनेलं जोडण्यात त्यांची हयात गेली होती. कपाटाएवढं पॅनेल, आत शेकडो तारा आणि एकही तार वाकडी नाही. हे मात्र खरं होतं, माणूस कामाला वाघ होता. पण वाघ घरात येऊन राहिला की घरच्यांनी जायचं कुठे? बायकोने घडी घातलेला टॉवेल ते उलगडून पुन्हा घडी घालत. शेजाऱ्याने गाडी लावली की खिडकीतून बघून मान हलवत. डॉक्टरने इंजेक्शन दिलं तरी बाहेर येऊन म्हणत, "हुं. हात हलका नाही त्याचा."

सगळ्यांत जास्त 'हुं' राखून ठेवलेले होते ते धाकट्या साडूंसाठी. साडू टाइल्सच्या गोदामावर कामाला होते. गोल, हसरा, कुणी चिडवलं तर आपणच आधी हसणारा माणूस. त्यांना रिमोटच्या गाड्यांचं वेड होतं. पळणाऱ्या नव्हेत, दगड चढणाऱ्या. दर रविवारी गोदामामागच्या दगडांच्या ढिगावर स्वतःसारखीच चार रिकामटेकडी टाळकी जमवायची आणि हातभर लांबीच्या गाड्या गोगलगायीच्या चालीने दगडांवर चढवायच्या, हा त्यांचा उद्योग.

"पन्नाशीचा घोडा झाला आणि खेळतो काय, तर गाडी-गाडी," हुंकारराव जेवताना म्हणायचे. "बरं, खेळ बाबा. पण तारा कशा जोडतो बघितलंस? पीळ मारतो आणि वर टेप गुंडाळतो. टेप!" हा शब्द ते शिवी द्यावी तसा उच्चारायचे.

पण दुखणं निराळंच होतं. त्यांची एकुलती एक लेक दर रविवारी त्याच ढिगावर जायची.

लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. हात बापाचेच होते, बारीक आणि न थरथरणारे. पूर्वी तिने घरातला बंद पडलेला पंखा स्वतः उघडून चालू केला होता. हुंकाररावांनी काय करावं? पाहुणे बसले होते, त्यांच्यादेखत तो चालता पंखा बंद केला, उघडला आणि तिने डाग दिलेला सांधा सगळ्यांना दाखवला. "हे बघा. याला सोल्डर म्हणायचं की उंदराची लेंडी?" पाहुणे हसले. लेकही हसली. त्यानंतर तिने बापाच्या घरात स्क्रू ड्रायव्हर हातात धरला नाही, आणि बापाशी बोलणं 'जेवायला चला' आणि 'दार लावून घ्या' एवढ्यावर आलं.

आणि आता ती आपणहून आली होती. तिला स्वतःची गाडी बांधायची होती, दोन मोटरांची, पुढच्या चाकांना एक आणि मागच्यांना एक. सुटे भाग ती कुठूनकुठून गोळा करून आणत होती. साडूंकडे ना वस्तू घट्ट धरून ठेवणारा चांगला व्हाइस होता ना चांगली सोल्डर गन, म्हणून तिने विचारलं, "बाबा, तुमच्या टेबलावर बसू का काही दिवस?"

त्याच संध्याकाळी बायकोने हुंकाररावांना स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, ऐका. पोर आपल्या पायाने तुमच्या टेबलापाशी आलीय. तोंडाला कुलूप घाला. या वेळी उठून गेली ना, तर परत यायची नाही. आणि मी समजूत काढायला जायची नाही, आधीच सांगून ठेवते."

हुंकाररावांनी कुलूप घातलं. कधी नव्हे ते घातलं, कारण लेक रोज संध्याकाळी समोर बसून कामाला लागायची तेव्हा त्यांना आतून फार बरं वाटायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं, पण त्या दिवसांत कारखान्यातून निघताना ते जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरत.

कुलूप सांभाळणं मात्र सोपं नव्हतं. ती तारेवरचं आवरण दातांनी सोलायची. दातांनी! घरात तीन प्रकारच्या पकडी असताना! हुंकारराव खुर्ची घट्ट धरून बसायचे. ती स्क्रू आधी थोडे सैल ठेवून शेवटी एकदम कसायची, ते छताकडे बघायचे. तिच्या डागावर सोल्डर जरा कमी पडलं की हे खिडकीबाहेर बघायचे. 'हुं' ओठापर्यंत यायचा आणि ते तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचे.

एके दिवशी ती गाडी उलटी धरून म्हणाली, "बाबा, दोन्ही अॅक्सल सारखेच आहेत, पण मागचा मी फिरवून बसवलाय. त्यामुळे त्याची मोटर आतल्या बाजूला येते. वजन पुढे राहतं, चढावर गाडी मागे कलंडत नाही."

"हं," हुंकारराव म्हणाले. त्यांचं लक्ष बॅटरीच्या प्लगवरच्या तिच्या डागाकडे होतं. तो डाग त्यांना इतका सलत होता की ती काय म्हणाली ते एका कानाने आत शिरलं आणि दुसऱ्याने बाहेर पडलं.

शुक्रवारी गाडी तयार झाली. हुंकारराव अंघोळीला गेले होते तेवढ्यात तिने ती दारातल्या चपलांच्या ढिगावर चढवून बघितली. गाडी बायकोच्या सँडलवरून हुंकाररावांच्या बुटावर आणि तिथून पलीकडे अलगद उतरली. मायलेकी हसल्या तो आवाज मोरीपर्यंत ऐकू आला. शनिवारी लेक बॅटरी भरायला साडूंकडे टाकून कामावर गेली. गाडी टेबलावर राहिली. रविवारी गोदामामागे शर्यत होती.

शनिवारी हुंकाररावांना सुट्टी. दुपारी त्यांनी सहज गाडीची वरची बॉडी उचलली. सहज म्हणजे कसं, तर मांजर सहज दुधाकडे जातं तसं. आत दोन्ही मोटरांच्या तारा स्पीड कंट्रोलर म्हणतात त्या डबीकडे येत होत्या. मोटरला वीज किती द्यायची ते ही डबी ठरवते. पुढच्या मोटरची लाल तार डबीच्या लालला आणि काळी काळीला जोडलेली होती. मागच्या मोटरची मात्र लाल तार काळीला आणि काळी लालला!

हुंकारराव मोठ्याने हसले. घरात कुणी नव्हतं म्हणून तो साठलेला 'हुं' अखेर बाहेर आला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तो टेपवाला दुसरं शिकवणार तरी काय? लालला लाल, काळीला काळी. हे तर त्यांच्याकडे शिकायला आलेला पोरगा पहिल्याच दिवशी शिकतो.

तिला सांगावं तर तोंडाला कुलूप. पण कुलूप तोंडाला होतं, हातांना कुणी घातलं नव्हतं. त्यांनी सोल्डर गन तापवली, तिचे दोन्ही सांधे सोडवले आणि तारा सरळ केल्या. नवे सांधे असे दिले की कारखान्यात दिले असते तर फोटो काढून भिंतीवर लावले असते. सोल्डर भरपूर, चकाकतं, कुठे टोक नाही की खड्डा नाही. लेकीने सांध्यांवर प्लास्टिकच्या काळ्या नळ्या चढवल्या होत्या, यांनी पारदर्शक चढवल्या. एवढा सुबक सांधा झाकून का ठेवायचा? चालवून बघायला बॅटरी नव्हती, आणि असती तरी त्यांनी बघितलं नसतं. चाचणी त्याने करावी ज्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही. त्यांनी बॉडी चढवली आणि हात धुतले. पोरीची फजिती आपण वाचवली, याला बापाचं प्रेम म्हणतात, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे तर बैल दोन होते, आणि यांनी त्यांची तोंडं दोन दिशांना करून ठेवली होती.

रविवारी ते शर्यतीला गेले. लेकीला आश्चर्य वाटलं, आणि ती खूश झाली हे लपलं नाही. दगडांच्या ढिगावर जागोजागी काड्यांच्या जोड्या रोवल्या होत्या, त्यांच्यामधून गाडी काढायची. पंच म्हणून एक शिंपी होता, गळ्यात शिट्टीऐवजी मापाची टेप. "वा," हुंकारराव स्वतःशी म्हणाले, "राज्य कुणाचं ते कळलं."

साडू धावत आले. "साडूभाऊ! या, या! तुम्ही आलात म्हणजे आज मजा आहे. ही पोर म्हणजे सोनं आहे हो सोनं."

"बघू," हुंकारराव म्हणाले. "घरी नीट सामान मिळालं की फरक पडतो."

लेकीची पाळी आली. तिने गाडी रेषेवर ठेवली, बॅटरी जोडली आणि रिमोटचा खटका दाबला.

गाडी पुढे गेली नाही. मागेही गेली नाही. जागच्या जागी थरथरली आणि पोट खाली घालून बसली. पुढची चाकं पुढे ओढत होती आणि मागची मागे. तिने पुन्हा दाबलं. चाकांनी माती उकरली, आतून जळका वास आला. बघणाऱ्यांत कुणीतरी फिसकन हसलं.

हुंकारराव साडूंकडे वळून, चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बारीक काम आहे हो हे. त्याला डोकंही बारीक लागतं. हुं."

लेकीने ते ऐकलं. तिने गुडघ्यावर बसून बॉडी उचलली. पारदर्शक नळ्या उन्हात लख्ख दिसल्या. तिने आधी तारा बघितल्या, मग मागचा अॅक्सल आणि मग मान वर करून बापाकडे बघितलं.

तेव्हा हुंकाररावांच्या डोक्यात ते वाक्य परत आलं. मागचा मी फिरवून बसवलाय. मोटर उलटी बसली की तिच्या ताराही उलट्या लागणार, नाहीतर ती उलटी फिरणार. हेही त्यांच्याकडचा पोरगा पहिल्या आठवड्यात शिकतो. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"काय झालं गं?" शिंप्याने विचारलं. "वेळ चाललाय."

सगळे बघत होते. हुंकारराव वाकून बुटाची बांधलेलीच नाडी पुन्हा बांधायला लागले.

"माझीच चूक," लेक म्हणाली. "मागच्या तारा सरळ लागल्या. उलट्या हव्या होत्या."

"अगं, होतं असं," साडू म्हणाले. "माझं तर दर वेळी होतं. थांब, गन आणतो."

साडूंची सोल्डर गन पेनाएवढी होती, बॅटरीवर चालणारी. त्या बिचारीने जिवाचं रान केलं. पण हुंकाररावांनी घातलेलं सोल्डर इतकं भरघोस होतं की ते ढिम्म वितळेना. लेक टोक टेकवून थांबली, वाट बघितली. शिंपी घड्याळाकडे बघायला लागला.

"काका, पक्कड द्या. आणि टेप."

तिने दोन्ही सांधे कचकन कापून टाकले. चारी टोकं दातांनी सोलली, लालला काळी आणि काळीला लाल घेऊन पीळ मारला आणि वरून टेप गुंडाळली. हुंकारराव दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी नजर वळवली नाही.

खटका दाबताच गाडी उठली. पहिल्या दगडाला पुढची चाकं लागली, चढली, मागची त्यांच्यामागून चढली. काड्यांमागून काड्या ओलांडत ती वर गेली. शेवटच्या जोडीशी वेळ संपली, त्यामुळे नंबर काही आला नाही. तरीही साडू असे नाचले की पोट हातात धरावं लागलं. लेक हसत होती. तिच्या तोंडाला मातीचा डाग लागला होता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

हुंकाररावांनी खाली वाकून कापलेले दोन तुकडे उचलले. पारदर्शक नळीत लाल-लाल आणि काळी-काळी, सांध्याला कुठे तडा नाही. ते त्यांनी खिशात टाकले.

संध्याकाळी घरी आल्यावर लेक टेबलावरचं आपलं सामान एका खोक्यात भरायला लागली. बायको दारात उभी राहिली, पण मध्ये पडली नाही. ती आधीच सांगून चुकली होती.

हुंकारराव खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "पुढची गाडी कधी बांधायची?"

"सुरुवात करेन आता. काकांकडे."

"तिथे कसलं बांधतेस! व्हाइस नाही, गन ती तसली. आणि तो माणूस तुला शिकवणार काय? त्याला स्वतःला तरी काही..." ते थांबले. पण फार उशिरा थांबले.

लेकीने खोकं उचललं. आवाज चढवला नाही, चिडलीही नाही. मान थोडी तिरकी करून तिने बापाकडे बघितलं, थेट त्यांच्यासारखं.

"हुं," ती म्हणाली. "काका काही शिकवत नाहीत, बाबा. पण ते माझ्या तारांना हात लावत नाहीत."

मग 'दार लावून घ्या' म्हणाली आणि गेली.